पाणी कुणाच्या हातचं

“अक्का, मरताना तोंडात पाणी कुणाच्या हातचं पाहिजे?”

भर दुपारी, सुपात शेंगा घेऊन फोडत बसलेल्या म्हातारीला मी हे विचारलं होतं. तिनं हातातलं काम न थांबवता उत्तर दिलं, “तुझ्याच हातचं घाल की. दुसरं हाय कोन हितं?”

बेनाडीकर डॉक्टरांच्या वृद्धाश्रमात असले प्रश्न विचारायची मला पगारी नोकरी होती. गडहिंग्लजच्या बाहेर, संकेश्वरच्या रस्त्याला आमची ती बैठी कौलारू इमारत. बावीस म्हातारीकोतारी, चौघी सिस्टर, आणि त्या चौघींत थोरली मी, कुंदा सुतार. डॉक्टरांनी चालता दवाखाना बंद करून आश्रम काढला, तेव्हा गावानं त्यांना वेड्यात काढलं होतं. पण त्यांच्या त्या वेडाला कारण होतं. त्यांच्या वडिलांना घरच्या बाजेवर मरायचं होतं. तसं ते दहा जणांना बोललेही होते, पण लिहून कुणीच ठेवलं नव्हतं. मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नाकातोंडात नळ्या घालून अकरा दिवस त्यांना ठेवलं आणि मग ते गेले. डॉक्टर स्वतः डॉक्टर असून त्यांना काही करता आलं नाही.

म्हणून आमच्याकडे प्रत्येकाच्या फाइलीत सगळ्यात वर एक कागद असायचा. डॉक्टर त्याला इच्छेचा कागद म्हणत. दवाखान्यात न्यायचं की नाही, नळी घालायची की नाही, कुणाला कळवायचं, कधी कळवायचं, जाळायचं की पुरायचं, अंगावर कुठलं लुगडं घालायचं, आणि तोंडात पाणी कुणाच्या हातचं. हा शेवटचा प्रश्न डॉक्टरांनी स्वतःच्या अकलेनं घातलेला. ते म्हणत, नळीचं माणूस डॉक्टरला विचारून सांगतं, पण पाण्याचं खरं सांगतं.

महिन्याच्या शुद्ध एकादशीला मी ते बावीस कागद घेऊन खाटा फिरायची. एकादशीला निम्मा आश्रम उपाशी आणि स्वयंपाकघर थंड, त्यामुळे दुपार मोकळी मिळायची. प्रत्येकाला त्याचा कागद वाचून दाखवायचा, काही बदलायचं का विचारायचं, बदललं तर तिथल्या तिथं लिहायचं, नाहीतर ‘बदल नाही’ असं लिहून तारीख घालायची आणि सही किंवा अंगठा घ्यायचा. कुरणे पोस्टमास्तर दर महिन्याला दवाखाना बदलायचे, एकदा मिरज, एकदा बेळगाव, जणू यात्रेलाच निघालेत. एक आजी दर वेळी सांगायच्या की तोंडात तुळशीपत्राबरोबर चिमूटभर तंबाखूही ठेवा. तेही मी लिहून घेतलं होतं. मधेच कुणाचं मन बदललं तर एकादशीची वाट बघायची नाही, त्याच दिवशी लिहायचं, असा नियम होता. “माणसाचं मन काय पंचांग बघून बदलतं का, कुंदा?” डॉक्टर म्हणायचे.

तर ही अक्का म्हणजे सगुणाबाई चौगुले. आमच्याच तालुक्यातल्या एका खेड्यातली. नवरा लवकर गेला, एकच मुलगी, शालन, ती इचलकरंजीला दिलेली. अक्का सत्तरी ओलांडेपर्यंत एकटी राहिली, एका म्हशीच्या जोरावर. म्हशीचं नाव चंद्री. एका सकाळी गोठ्यात पाय घसरून अक्काचं खुब्याचं हाड मोडलं. शालन धावत आली, ऑपरेशन झालं, पण शालनचं घर म्हणजे खाली खडखडणारे माग आणि वर जायला शिडीसारखा नुसता नावाला जिना. खुबा मोडलेल्या म्हातारीला तिथं न्यायचं कसं? शालननं आईला आमच्याकडे आणलं, घराला कुलूप घातलं आणि चंद्री विकून टाकली. म्हशीचं तिनं आईला सांगितलं नाही. दोन महिन्यांनी गावचं कुणीतरी भेटायला आलं आणि बोलता बोलता सांगून गेलं.

मुलीनं आश्रमात टाकलं हे अक्कानं गिळलं असतं, पण म्हशीचं गिळलं नाही. त्या दिवसापासून ती शालनशी बोलायची बंद झाली. पहिला इच्छेचा कागद भरताना मी विचारलं, कळवायचं कुणाला? म्हणाली, कुणाला न्हाई. शालनला तरी, म्हटलं मी.

“तिला तर न्हाईच. जाळून झाल्यावर कळवा. तोंडबी दावू नगा माझं.”

मी लिहून घेतलं. नळी नको, दवाखाना नको, मुलीला अंत्यविधीनंतर कळवणे, पाणी कुंदा सुतार यांच्या हातचं. खाली अंगठा.

माझं सांगायचं तर, लग्नाच्या पाचव्या वर्षी मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं मला माहेरी आणून सोडली. माहेरी भावजयीला मी जड झाले, म्हणून नर्सिंगचं शिकले आणि आश्रमातल्याच एका खोलीत राहिले. रेशन कार्डावर भावाच्या नावाखाली माझं नाव होतं, तेवढंच. जिथं लोक मुलाचं नाहीतर मुलीचं नाव सांगतात, तिथं माझं नाव कुणी सांगितल्याची ती पहिलीच वेळ. फाइलला लावायच्या आधी मी तो कागद दोनदा वाचला, हे कबूल करते.

त्यानंतर अक्का आणि मी एकमेकींना चिकटलोच. तिच्या पायाला तेल लावायचं काम मी दुसऱ्या सिस्टरना देत नव्हते. ती मला गावाकडच्या भानगडी सांगायची, डॉक्टरांच्या चालण्याची नक्कल करायची, माझ्या हातची आंबील मागायची. आश्रमात सगळे चेष्टेनं तिला कुंदाची आई म्हणत. मी वरवर रागवायची. नाकापेक्षा मोती जड, असं स्वयंपाकीणबाई मला म्हणालीही होती एकदा. मी तिच्याशी चार दिवस बोलले नाही.

शालन मात्र दर दुसऱ्या रविवारी यायची. दोन गाड्या बदलून, हातात डबा घेऊन. बुटकी, सावळी बाई, केसांत कायम मागावरच्या सुताचे दोनचार तंतू अडकलेले. मी आत जाऊन सांगायची, अक्का, शालन आलीय. अक्का भिंतीकडे तोंड फिरवायची. मग शालन व्हरांड्यातल्या बाकावर तासभर बसून राहायची. खिडकीतून तिला आईची पाठ दिसायची, तेवढी बघायची. जाताना डबा माझ्याकडे द्यायची. अक्का तो शेजारच्या खाटेवर देऊन टाकायची. असं दीड वर्ष चाललं. दीड वर्षात त्या बाईनं एकही रविवार चुकवला नाही, आणि तक्रारीचा शब्दही काढला नाही. एकदाच तिनं मला विचारलं, आईनं त्या कागदावर माझ्याबद्दल काय लिहिलंय? ते आम्हाला सांगता येत नाही, असं मी सांगितलं. नियमच तसा होता.

मग लागोपाठ दोन पाळ्या शालन आली नाही. पहिल्या रविवारी संध्याकाळपर्यंत अक्कानं भिंतीकडे तोंड केलं नाही, दाराकडेच बघत होती. दुसऱ्या पाळीच्या आदल्या दिवशी शालनचा फोन आला. नवऱ्याचा हात मागात सापडून दोन बोटं गेली होती, ती दवाखान्यात त्याच्याजवळ होती. मी अक्काला जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पायाला तेल लावत होते, तेव्हा म्हणाली,

“कुंदा, त्या कागदावरचं तुझं नाव काढ आन् शालनचं घाल. पानी तिच्या हातचं पायजे मला.”

माझा हात थांबला असावा, कारण तिनं माझ्याकडे पाहिलं.

“म्हशीचं धरून बसले म्या, येडी. माझा पाय मोडला तवा पोरगी एकटी हुती. म्हस बघंल का मला बघंल?” आणि मग माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाली, “राग मानू नगंस. तू लई केलंस माझं. पर ल्येक ती ल्येक.”

तिला फोन लावून देऊ का, असं मी विचारलं. अक्का नको म्हणाली. फोनवर असलं बोलणं तिला जमणार नव्हतं. पोरगी येईल तेव्हा समोर बसवून बोलीन, म्हणाली. मी म्हटलं, बरं अक्का, कागदाचं करते. एकादशी परवावर आली होती.

एकादशीला मी नेहमीसारखे बावीस कागद फिरवले. तिघांचे बदलले. कुरणे मास्तर पुन्हा मिरजेवर आले.

एकादशीनंतर आठव्या दिवशी अक्काला ताप भरला. छातीत कफ झाला, श्वासाला घरघर लागली. डॉक्टरांनी कागदाप्रमाणे दवाखान्याचं नाव काढलं नाही, जागेवरच औषधं चालू केली. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास त्यांनी तिची नाडी बराच वेळ धरली, मग मला बाहेर बोलावलं. म्हणाले, आजचा दिवस काढेल असं वाटत नाही. फाइल मागितली. मी आणून दिली. त्यांनी चष्मा वर करून कागद वाचला, तारीख पाहिली.

“कुंदा, हे ताजं आहे ना?”

“हो.”

“मुलीचं काही? दीड वर्ष येत होती ती.”

“कागदावर आहे तेच, डॉक्टर.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आश्रमात ते एकवेळ आपल्या स्टेथोस्कोपवर विश्वास ठेवणार नाहीत, पण माझ्या नोंदीवर ठेवायचे. फाइल मिटून त्यांनी मला परत दिली.

इचलकरंजीहून आमच्याकडे यायला गाड्या बदलत आलं तरी अडीच तास लागतात. कुणी रिक्षा-जीप केली तर दोन. सकाळचे दहा वाजले होते. फोन ऑफिसात टेबलावर होता आणि शालनचा नंबर मला पाठ होता. अक्का गेली दुपारी साडेतीन वाजता.

मधल्या वेळात ती दोनदा शुद्धीवर आली. पहिल्यांदा बारा-सव्वाबाराला. डोळे उघडले, दाराकडे पाहिलं, म्हणाली, “आली?”

“येतेय अक्का.”

दुसऱ्यांदा दोनच्या पुढं. तोच प्रश्न, आता नुसते ओठ हलले. मी पुन्हा तेच उत्तर दिलं. म्हटलं, निघालीय, गाडीत बसलीय. वर रस्त्यात जरा गर्दी असेल असंही म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाले.

साडेतीनला श्वास तुटक झाला. डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी मला मान हलवून खूण केली. मी पितळी फुलपात्रातलं पाणी चमच्यात घेतलं, त्यात तुळशीचं पान घातलं आणि चमचा तिच्या ओठांना लावला. तिनं डोळे उघडले. आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि मग माझ्या मागं, दाराकडे. दारात कुणी नव्हतं. तिनं ओठ मिटून घेतले.

पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. मी पुन्हा चमचा भरला. पुन्हा तसंच.

“राहू दे, कुंदा,” डॉक्टर म्हणाले. “उतरत नाही आता.”

मी पदरानं तिचा गळा पुसला. पाणी उतरलं नाही की तिनं घेतलं नाही, हे कुणीच सांगू शकणार नाही. डॉक्टर होते म्हणून ते त्यांच्या परीनं बोलले. मी तिच्या डोळ्यांसमोर होते.

संध्याकाळी सहाला सगळं उरकलं. मुलीला आधी कळवावं का, असं डॉक्टर एकदा पुटपुटले. मग स्वतःच म्हणाले, नाही, लिहिलंय तसंच. वडिलांची गोष्ट त्यांच्या अंगात इतकी मुरलेली होती की, लिहिलेल्या शब्दापलीकडं जायला ते घाबरायचे. अग्नी त्यांनीच दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालनला फोन केला, तोही डॉक्टरांनीच. ती दुपारी आली. एकटीच आली, नवरा अजून दवाखान्यात होता. रडत वगैरे नव्हती. डॉक्टरांनी तिला ऑफिसात बसवून इच्छेचा कागद समोर ठेवला, नातेवाइकांच्या मनात किंतु राहू नये म्हणून तशी पद्धतच होती. तिनं बोट ठेवून एकेक ओळ वाचली. मुलीला अंत्यविधीनंतर कळवणे. पाणी कुंदा सुतार यांच्या हातचं. शेवटची तारीख अकरा दिवसांपूर्वीची, शुद्ध एकादशी. बदल नाही. अंगठा.

ती उठली आणि व्हरांड्यात आली. तिच्या नेहमीच्या बाकापाशी उभी राहिली, पण बसली नाही. मी अक्काच्या लुगड्यांचं गाठोडं घेऊन तिच्याजवळ गेले.

“सिस्टर, शेवटी तरी काय म्हणाली का आई? माझ्याबद्दल?”

“नाही,” मी म्हटलं.

तिनं मान हलवली, जणू तिला तेच उत्तर माहीत होतं. गाठोड्याकडे पाहून म्हणाली, हितंच द्या कुणालातरी. आणि फाटकातून चालत गेली. ती पुन्हा कधी आली नाही. येणार कशाला?

आता त्या एकादशीचं सांगते. इतका वेळ टाळलं, कारण इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले तसंच तुम्हालाही सांगावं असं वाटत होतं. काम राहून गेलं, डोक्यात होतं पण कागदावर यायचं राहिलं, बावीस माणसं होती. यातलं काही खरं नाही.

त्या दुपारी मी अक्काच्या खाटेपाशी गेले, तेव्हा तिचा कागद माझ्या हातात होता आणि पेन उघडलेलं होतं. माझ्या नावावर एक रेघ मारायची आणि शेजारी तीन अक्षरं लिहायची, एवढंच काम. मी ‘बदल नाही’ असं लिहिलं. तारीख घातली. शाईचा डबा उघडून तिचा अंगठा धरला. अक्काला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, “घातलंस न्हवं शालनचं नाव?”

मी म्हटलं, “घातलं.”

तिनं अंगठा उठवला. मग शाई लागलेलं बोट लुगड्याला पुसत हसली आणि म्हणाली, आता बरं वाटलं बघ.

का केलं, याचं उत्तर द्यायला मी पुष्कळ वर्षं घेतली. तेव्हा मनाशी म्हणाले होते की, शालन पुढच्या रविवारी येईल, दोघी बोलतील, मग काय लिहायचं ते लिहू, अक्का काय आज मरत नाही. पण मनाच्या तळाशी गोष्ट साधी होती. त्या जागेवर माझं नाव होतं आणि मला ते खोडवत नव्हतं. दीड वर्ष पाय मी चोळले, मळमूत्र मी काढलं, आणि शेवटी ल्येक ती ल्येक. डबा घेऊन बाकावर बसणारी ती बाई मला कधीच आवडली नव्हती. खरं म्हणजे तिची मला भीती वाटायची. अक्कानं भिंतीकडे तोंड फिरवलं की मला आतून बरं वाटायचं. लोकांच्या शेवटच्या इच्छा जपायला मला ठेवलं होतं, आणि कुंपणानंच शेत खाल्लं.

याच्यावर कळस म्हणजे, पुढं दुसऱ्या गावांतल्या आश्रमांतून लोक आमची पद्धत बघायला यायचे, तेव्हा डॉक्टर माझ्याकडे हात करून सांगायचे की कागद ताजा ठेवणं म्हणजे काय ते या बाईकडून शिका. मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत निघून जायची. डॉक्टर वारले तरी मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला काढली असती, हे खरं. पण त्यांनी दिलेल्या अग्नीचं ओझं त्यांच्यावर पडलं असतं, हेही खरं. यातलं कुठलं कारण मोठं होतं ते मला विचारू नका.

निवृत्त झाल्यावर गेल्या भाद्रपदात मी इचलकरंजीला गेले. मधे नऊ वर्षं गेली होती. घर शोधायला फारसं लागलं नाही. माग बंद पडले होते, खाली आता दुकानाचं गोदाम होतं, जिना तोच. शालननं मला ओळखलं. केस सगळे पांढरे झाले होते तिचे. आतल्या सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितलं, नवऱ्याचं बोटांवाचून कसं भागलं ते सांगितलं. मी म्हटलं, चहा नको, आधी माझं ऐक.

मी सगळं सांगितलं. तेलाच्या वाटीपासून अंगठ्यापर्यंत. “आली?” हे दोनदा विचारलं होतं, तेही सांगितलं. ओठ मिटल्याचं सांगितलं. सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हते, समोरच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत होते.

ती किंचाळली नाही, मला शिव्या दिल्या नाहीत. म्हणाली,

“आजीच्या मांडीवर खेळलाय माझा ल्योक. दर वर्षी इचारतोय, आजीचा म्हाळ घालूया. म्या घालू दिला न्हाई त्याला. म्हटलं, जिला आपलं तोंड नगं हुतं, तिला आपल्या घरचं पान कशाला? नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं तिला उपाशी ठिवली म्या.”

माफ कर म्हणायला मी आले होते, पण ते म्हणायची लाज वाटली.

“काय म्हनाली हुती?” ती म्हणाली. “तिच्या तोंडचं सांगा. जसंच्या तसं.”

मी सांगितलं. त्या कागदावर शालनचं नाव घाल. पानी तिच्या हातचं पायजे मला. म्हशीचं धरून बसले म्या, येडी. ल्येक ती ल्येक.

“परत सांगा.”

मी परत सांगितलं. तिनं डोळे मिटून ऐकलं, ओठ हलवत, पाठ करत असल्यासारखं. मग आतून सुनेला बाहेर बोलावलं आणि मला म्हणाली, हिलाबी सांगा. मी तिसऱ्यांदा सांगितलं. ती पोरगी दाराच्या चौकटीला धरून उभी राहून ऐकत होती, हातात चहाची गाळणी तशीच.

सांगून संपल्यावर शालन उठली, भिंतीवरची दिनदर्शिका काढून तिनं सुनेच्या हातात दिली. पक्ष कधी लागतोय बघ, म्हणाली. दोघी त्या पानावर वाकल्या. तिथी कुठली, भटजींना आजच सांगायला पाहिजे, पोराला दुपारी फोन कर, असं बोलणं सुरू झालं. मी तिथं बसलेय हे त्यांच्या लक्षात असेल नसेल. सुनेनं विचारलं, आजींना आवडायचं काय, पानात काय काय करायचं?

शालन थांबली. मग म्हणाली, “पुरणपोळी कर. लई जीव हुता तिचा पुरणपोळीवर.”

शेवटच्या वर्षी अक्काला गोड अजिबात चालत नव्हतं. पुरणाचा वाससुद्धा नको म्हणायची. ताकातली आंबील, वर हिंगाची फोडणी आणि कच्चा कांदा, हे तिचं खाणं. ते मला माहीत होतं, आणि आता या जगात माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

मी काही बोलले नाही. पुरणाला डाळ किती भिजवायची यावर त्या दोघी बोलत होत्या. मी उठले, दाराशी चपला घातल्या आणि कठड्याला धरून जिना उतरले.